चारशेला सांगितलेली कोंबडी

आयुष्यात मी एकदाच रास्त भावाने वस्तू घेतली, आणि नेमकं त्याच व्यवहाराबद्दल सगळ्यात मोठं खोटं बोललो. वस्तू म्हणजे तीन कोंबड्या. त्याही पूर्ण मापाच्या नव्हेत, बुटक्या.

आमच्या शिरूर-दौंडच्या बाजूला नवी वस्तू घरात आली की ती चांगली आहे का, चालते का, असं कुणी विचारत नाही. "केवढ्याला?" एवढंच विचारतात. आपण आकडा सांगायचा. आकडा काहीही असो, पुढचं वाक्य ठरलेलं: "लय दिलं." मग विचारणारा आपल्याकडे कीव आल्यासारखा बघतो आणि त्याच्या साडूने हीच वस्तू कितीला आणली ते सांगतो. जगातल्या सगळ्या साडूंनी सगळ्या वस्तू निम्म्या भावात आणलेल्या असतात. म्हणून शहाणा माणूस घरी आकडा सांगताना जरा खाली ओढून सांगतो. मीही सांगायचो. पंखा, मिक्सर, सोलापुरी चादरी, आमच्या घरातलं सगळं कागदोपत्री स्वस्तात आलेलं आहे.

माझी अडचण इतरांपेक्षा थोडी मोठी होती. कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी वीस वर्षं काढली. तीन कोटेशनं आल्याशिवाय साधा खराटा घेऊ द्यायचो नाही. पण ती सगळी अक्कल शिफ्ट सुटली की मी बहुधा गेटवरच जमा करत असेन. कारण बाजारात उभा राहिलो की माझ्या तोंडातून पहिला शब्द निघायचा तो "बरं". लग्न झालं त्या वर्षी मेव्हण्याबरोबर शेळी घ्यायला गेलो होतो. मेव्हणा तंबाखू मळायला बाजूला झाला, तेवढ्यात शेळीवाल्याने आकडा सांगितला आणि मी पैसे देऊन टाकले. वर म्हणालो, "आभारी आहे."

ही गोष्ट राहूला, माझ्या सासुरवाडीला, अजून सांगतात. ती शेळी गेली, तिची करडं गेली, करडांची करडं गेली, पण माझे आभार तिथे जिवंत आहेत. मेव्हण्याची बायको, म्हणजे माझ्या बायकोची वहिनी, ही गोष्ट सगळ्यात रंगवून सांगते. "आमचे दाजी म्हंजी देवमाणूस," असं म्हणते आणि पदरात तोंड खुपसते. सगळे हसतात. मीही हसतो, दुसरं काय करणार. माझी बायको मात्र त्या हसण्यात कधी सामील झाली नाही. ती मुकाट उठायची आणि मोरीत जाऊन भांडी घासायला बसायची. स्वतःच्या माहेरी, पाहुणी असून. शेळीचं मला कधी वाईट वाटलं नाही, पण त्या भांड्यांच्या आवाजाचं वाटायचं.

शिरूरला आमच्या घरामागे दहा फुटांची पट्टी आहे. तिथे धुण्याचा दगड, पाण्याची टाकी, शेवग्याचं झाड आणि बायकोच्या कोंबड्या. आधी तिच्याकडे चार गावरान होत्या. त्यांनी शेजारणीची मेथी दोनदा मुळासकट उकरली आणि एकीनेही अंड्यांवर बसायचं नाव काढलं नाही. शेवटी शेजारणीची भाषा बदलायला लागली तेव्हा त्या पुतण्याच्या शेतावर पाठवल्या. मग बायकोने मोबाईलवर बँटम कोंबड्यांचा व्हिडिओ पाहिला आणि माझ्यामागे लागली.

"बुटक्या असत्यात. उकरत बी कमी. आन् बसत्यात म्हणं अंड्यांवर, दुसरीची घातली तरी उबवत्यात. पण भाव नीट करा. चारशेच्या वर एक रुपया द्यायचा न्हाई."

"चारशेच का?"

"वजनच अर्ध्या किलोचं असतंय तिचं. आणखी कशाला?"

दाण्याच्या दुकानात चौकशी केली तेव्हा कळलं, वरवंडला हायवेपासून आत एक म्हातारे गृहस्थ परसात बँटम पाळतात. मोटरसायकलच्या मागे प्लॅस्टिकचं क्रेट बांधलं, न्हावऱ्याच्या रस्त्याने चौफुला गाठलं आणि उसाच्या ट्रॉल्या चुकवत वरवंडला पोचलो. बायकोचा आकडा डोक्यात पक्का होता. वाटेत दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिला.

म्हाताऱ्याचं परस झाडलेलं, स्वच्छ होतं. जुन्या कूलरच्या सांगाड्यांना जाळी मारून त्याने खुराडी केली होती. मी गाडीवरून उतरायच्या आधीच, आपण मुरलेलो आहोत हे कळावं म्हणून, विचारलं, "काय आबा, किलोला काय भाव?"

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "किलोवर न्यायची आसंल तर चौकात चिकनचं दुकान हाय."

मी गाडीवरून उतरलो. आबांनी एक तलंग, म्हणजे अंड्यावर यायला आलेली कोवळी कोंबडी, धरून माझ्या हातात दिली. तुरा लालबुंद, डोळे स्वच्छ, पायांवर मोजे घातल्यासारखी पिसं. हातात ऊब होती आणि तिचं काळीज बोटांना धडधडत लागत होतं. ती मला आवडली, आणि आवडल्याचं माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण आबांनी लगेच भाव सांगितला.

"आठशे. कुठली बी घ्या. कोंबडा बी आठशेच."

माझ्या जिभेवर "बरं" आलं होतं. पण बायकोचं तोंड आठवलं आणि मी ते गिळलं. मग मी बाजारात लोक करतात ते सगळं केलं. आधी खूप वेळ गप्प राहिलो. आबाही गप्प राहिले, आणि गप्प राहण्यात ते माझ्यापेक्षा कसलेले निघाले. मग मी म्हणालो, "ही जरा लंगडतीय वाटतं." आबांनी तिला खाली सोडलं. ती परसाला तीन फेऱ्या मारून, भिंतीवर उडून बसली. मग मी हुकमी डाव टाकला. "राहू द्या मग," म्हणालो, गाडीला किक मारली आणि निघून आलो.

या डावात गाडी हळू चालवायची असते. मागून हाक येते. मी इतकी हळू चालवली की एक सायकलवाला पुढे गेला. हाक आली नाही. हायवेला आलो, टपरीवर चहा घेतला. वाटलं, म्हातारा येईल चालत. दुसरा चहा घेतला. मग गाडी वळवली.

आबा तिथेच, त्याच बाजेवर बसले होते. म्हणाले, "च्या बरा हुता का? साखर लय टाकतोय त्यो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"समदी तिथंच जात्यात. आज तुम्ही तिसरं."

मला हसू आलं. मग त्यांनी शेजारी बसवलं आणि सांगितलं, "पाव्हणं, सा म्हयने दाणा घालायचा, लस टोचायची, त्यात मुंगूस नेतंय ते येगळंच. सातशेला दिली तर मी रडणार. नऊशे घेतले तर तुम्ही रडणार. आठशेला कुणाला रडू येत न्हाई, म्हणून आठशे."

मी वीस वर्षं कोटेशनं तपासली होती. इतकं साफ कोटेशन एकदाही पाहिलं नव्हतं. एक कोंबडा आणि दोन तलंगा घेतल्या, चोवीसशे रुपये मोजून दिले आणि निघताना तोंडातून जायचं ते गेलंच: "आभारी आहे."

घरी येईपर्यंत मला वाटत होतं, खरं सांगायचं. चौफुल्यापर्यंत नक्की वाटत होतं. न्हावऱ्याला येईपर्यंत आठशेचे सहाशे झाले. शिरूरला दारात गाडी लावली, बायकोने क्रेटमध्ये वाकून पाहिलं, तिचा चेहरा खुलला, आणि तिने विचारलं, "केवढ्याला?"

"आठशे सांगत होता," मी म्हणालो. इथवर खरं होतं. "चारशेवर आणला."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. लग्नातसुद्धा नव्हतं, तेव्हा तिचं लक्ष हाराकडे होतं. तिने हात पुसले, फोन घेतला, राहूला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"वैनी, ह्यांनी बँटम आणल्या. आठशे सांगत हुता. ह्यांनी निम्म्यावर आणला त्याला."

पलीकडून वहिनी म्हणाली, "कुणी? दाजींनी? आपल्या दाजींनी?"

"व्हय. आपल्याच."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बायको एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने मला न मागता चहा ओतत होती.

दुसऱ्या दिवशी वहिनीने माझ्या मोबाईलवर आठशे रुपये पाठवले. सोबत निरोप: "मला बी दोन आणा, त्याच भावानं." मी स्वतःचे आठशे वर घातले आणि पुन्हा वरवंड गाठलं. "ह्या टायमाला च्या न्हाई?" आबांनी विचारलं. मी म्हटलं, नेहमीचं गिऱ्हाईक झालो, वर काहीतरी द्या. त्यांनी विचार करून माझ्या शर्टाच्या खिशात एक अंडं ठेवलं. ते चौफुल्याच्या आधीच फुटलं.

राहूला कोंबड्या पोचवल्या. वहिनीने त्या उलट्या केल्या, सुलट्या केल्या, पंख ताणून पाहिले, चोच उघडून पाहिली. खोड सापडली नाही. ती काही बोलली नाही. राहूत माझा याहून मोठा सत्कार झालेला नाही. त्या दिवशी शेळीची गोष्ट निघालीच नाही. बायको ओट्यावर मांडी घालून बसली होती आणि मोरीत भांडी तशीच पडली होती. ते बघून मला वाटलं, आठशे रुपयांत हे मिळत असेल तर स्वस्त आहे.

पण वहिनी बचत गटात आहे, हे मी विसरलो. पंधरा दिवसांनी बायकोने सांगितलं की गटातल्या आठ जणींना प्रत्येकी दोन कोंबड्या हव्या आहेत. चारशेच्या हिशेबाने प्रत्येकीने आठशे जमवले आहेत. आणायच्या दाजींनीच. रविवारी जेवायला बोलावलं आहे, पैसे तिथेच सगळ्यांसमोर हातात देणार.

सोळा कोंबड्या. चौसष्टशे त्यांचे आणि चौसष्टशे माझे. मी शेवग्याखाली जाऊन उभा राहिलो. आता खरं सांगावं, तर बायको पुन्हा मोरीत. न सांगावं, तर मी सगळ्या राहूला आयुष्यभर निम्म्या किमतीत कोंबड्या पुरवणार. मग स्टोअरमधलं जुनं वाक्य आठवलं, सप्लायर लोक मला ऐकवायचे ते. रेट वाढला. मी तीन दिवस कोंबड्यांसमोर सराव केला: "दाणा महागलाय, आता आठशेच्या खाली देत नाही तो." कोंबडा मान वाकडी करून ऐकायचा. त्याला खात्री वाटत नव्हती.

रविवारी राहूला गेलो. बाहेर गुऱ्हाळाचा वास सुटला होता. ओसरीवर सतरंजी टाकून गटातल्या बायका बसल्या होत्या, पलीकडे मेव्हणा. मला मधोमध ताट. वांग्याचं भरीत, भाकरी, ठेचा. मी पहिला घास घेतला आणि वाक्य जुळवायला लागलो. तेवढ्यात वहिनी भाकरीची टोपली घेऊन आली आणि टोपली खाली न ठेवताच म्हणाली, "दाजी, मी काल वरवंडला जाऊन आले."

घास तोंडातच राहिला.

"म्हटलं, दाजींना चारशेला देतोय, मग मला साडेतीनशेला का न्हाई देणार?" ती बायकांकडे वळली. "आकराला गेले. दोन वाजले तरी म्हातारं हालंना. तीनदा त्या टपरीवर जाऊन च्या पिले मी. मळमळायला लागलं. शेवटी म्हटलं, आबा, शिरूरच्या पाव्हण्यांना चारशेला दिल्या न्हवं? तर म्हणतोय, 'ते व्हय? त्यांनी आठशे देऊन वर आभार मानले.'"

ओसरी हसण्याने फुटली. मेव्हण्याला ठसका लागला. एका बाईने तर शेळीचं नाव काढलंसुद्धा. मी ताटाकडे बघत होतो, आणि मोरीकडे जाणाऱ्या पावलांचा आवाज येईल म्हणून वाट बघत होतो.

आवाज आला नाही. बायको बोलली.

"आठशेच दिले ह्यांनी. घरी येऊन मला आठशेच सांगितले. तुम्हाला चारशे मी सांगितले."

हसणं थांबलं. वहिनी म्हणाली, "वन्सं? तुम्ही? आन् का वो?"

"तुमी हसताय म्हणून."

"मग माझ्या दोन कशा आल्या चारशेनं?"

"वरचे आठशे मी घातले. शिलाईचे हुते माझे."

ती शिलाई करत नाही. आमच्या घरात मशीनच नाही. पण तिने ते इतक्या सहज सांगितलं की क्षणभर मलाही वाटलं, मशीन कुठे ठेवलं असेल. मग गटातली एक म्हातारी खुसखुसली, "माहेरात मोठेपणा मिरवायचा म्हंजी खर्च येतोय बाई," आणि सगळं हसणं पुन्हा उसळलं, या वेळी तिच्यावर. वहिनी म्हणाली, "आन् दाजी बिचारं गप बसलं, बायकोसाठी!"

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. घास गिळता आला. दुसरा घास घेतानाच तिच्याकडे पाहिलं. ती जागची हलली नव्हती. मांडी घालून, ताठ बसून, सगळं हसणं अंगावर घेत होती आणि स्वतःही हसत होती. डोळे तेवढे हसत नव्हते. मला माझीच लाज वाटली, इतकी की ताट सरकवून उठलो.

"ती खोटं बोलतीय," मी म्हणालो. "चारशे मी सांगितले. वरचे आठशे मी घातले. तिला काही माहीत नव्हतं."

वहिनीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "बघा गं. ह्याला म्हणत्यात नवरा. बायकोचं झाकायला स्वतःवर घेतोय."

"अहो, खरंच मी..."

"बसा दाजी, जेवा. कळलं आम्हाला."

मी तीनदा सांगितलं. जसजसं सांगत गेलो तसतसं माझं कौतुक वाढत गेलं. म्हातारी पुढे येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडून गेली. शेवटी बायकांनी आपसात ठरवलं, आठशेच भाव असेल तर जमलेल्या पैशांत प्रत्येकीला एकेक घेऊ. एका कोंबड्यावर आठ जणींचं कसं भागणार, यावर वाद सुरू झाला आणि आम्ही मागे पडलो. निघताना वहिनीने बायकोच्या हातात आठशे रुपये कोंबले. "घ्या वन्सं. शिलाईचे तुमचे." बायकोने ते घेतले आणि कमरेला खोचले.

पारगावच्या पुलाजवळ आलो. ती मागून म्हणाली, "थांबवा जरा." मी कडेला गाडी लावली. खाली भीमेला जेमतेम पाणी होतं.

"खरंच आठशे दिले?"

"हो."

"मी सहाशे धरले हुते."

मला कळेना. तेव्हा तिने समजावून सांगितलं. मी घरात आणलेल्या प्रत्येक वस्तूचा भाव ती पहिल्यापासून दीडपट धरत आली आहे. पंखा, मिक्सर, चादरी, सगळं. दुकानात जाऊन दोन-चारदा पडताळून पाहिलं होतं, दीडपट बरोबर बसायचं. "ह्या बारीला दुप्पट झालं," ती म्हणाली. "दुप्पट कवापासनं करायला लागला तुम्ही?"

"म्हणजे तुला माहीत होतं? मग वहिनीला फोन कशाला केलास?"

"सहाशे तर सहाशे. आठशेचे सहाशे तरी केले म्हटलं, पयल्यांदाच. मला लय बरं वाटलं हुतं. वरचं पैसं तुम्ही घालताय ते बी कळत हुतं, पण तोंडातनं गेलं ते मागं कसं घेणार?" ती पाण्याकडे बघत होती. "आन् आता इचारू नका का घेतलं अंगावर. तुमच्यावर हसत्यात तवा मला तिथं बसवत न्हाई. माझ्यावर हसल्या, मी बसले. सोपं गेलं."

एवढ्या वर्षांत मी तिची मान उंच ठेवायला आकडे खाली ओढत होतो, आणि ती गुपचूप ते परत वर ढकलून ठेवत होती. मग मी म्हणालो, "ते आठशे मात्र माझे आहेत."

"शिलाईचे हायेत," ती म्हणाली आणि गाडीवर बसली.

त्या दिवसापासून मी घरात खरा भाव सांगतो, एक रुपयाही कमी नाही. मागच्या महिन्यात कोंबड्यांना दाण्याचं पोतं आणलं. हजाराला होतं, हजार सांगितले. बायकोचे ओठ हलले, मनातल्या मनात तिने पंधराशे केले आणि दुकानदाराला शिव्या द्यायला बसली. मी शपथ घेतली, पावती दाखवली. "पावती बी करून आणली?" म्हणाली. तिला खरा भाव कळावा असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी पुढचं पोतं मला साडेसहाशेला सांगावं लागेल.